चार नंबरचं सँडविच

दुपारचे साडेबारा वाजले की त्या भागातल्या काचेच्या इमारती एकदम माणसं बाहेर सोडायला लागत. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन आणि डोक्यात एकच प्रश्न, आज खायचं काय. उत्तरही रोज एकच असे: सँडविच. जेवायची सुट्टी पाऊण तासाची, त्यातली दहा मिनिटं लिफ्टची वाट बघण्यात जायची, आणि उरलेल्या वेळात उभ्या उभ्या, एका हाताने, शर्टावर न सांडता खाता येईल असं दुसरं काही माणसाने अजून शोधलेलं नाही. सँडविचची दुकानं तिथे पायलीची पन्नास होती. चांगलं सँडविच मात्र दुर्मिळ. एकाचा ब्रेड इतका वाळका की खाताना शेजारचा दचकून बघायचा, दुसऱ्याकडे चीज इतकं पातळ की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. आणि तिसऱ्याकडे सगळं उत्तम, फक्त तुमचा नंबर येईपर्यंत जेवायची सुट्टी संपलेली.

या अंदाधुंदीत एका अकरा मजली इमारतीला एकच आधार होता, आणि तो सहाव्या मजल्यावर बसायचा. विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायची त्याची नोकरी. पाण्यात बुडालेली गोदामं, जळालेली स्वयंपाकघरं, छत कोसळलेली दुकानं असं सगळं जाऊन बघायचं आणि काय झालं, कशाने झालं, काय वाचलं ते लिहायचं. चोवीस वर्षं तो हेच करत होता. सगळे त्याला तपासनीस म्हणत. त्याचे अहवाल अत्यंत चोख असत आणि ते कोणीही वाचत नसे. साहेब थेट शेवटचं पान उलटून सही करत. एकदा वैतागून त्याने मधल्या पानावर ‘गोदामात एक हत्ती आढळला, त्याला विमा नव्हता’ असं लिहून पाहिलं. तेही मंजूर झालं.

म्हणूनच असेल, पण दर बुधवारी सकाळी तळमजल्यावरच्या लिफ्टशेजारी चिकटणारा एक कागद हा त्याच्या आयुष्यातला मोठा आनंद होता. त्या कागदावर आसपासच्या पाच सँडविचांचा अहवाल असे, आणि तो कागद अकरा मजले वाचत. लोक लिफ्ट सोडून देत पण कागद पुरा करत. त्याच्या एका ओळीने एका दुकानदाराने ब्रेड बदलला होता, दुसऱ्याने कौतुकाची ओळ फ्रेम करून टांगली होती, आणि तिसरा, ज्याच्या टोमॅटोबद्दल त्याने ‘वय लपवता येत नाही’ एवढंच लिहिलं होतं, तो महिनाभर तोंड फिरवून चालत होता.

कागदाचा दबदबा होता तो त्याच्या पद्धतीमुळे. इमारतीचं टपाल वाटणाऱ्या एक बाई होत्या, दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारख्या हिंडायच्या. दर मंगळवारी त्या पाच दुकानांतून त्या त्या दुकानाचं सगळ्यात चांगलं म्हणतात ते सँडविच आणत, वेष्टणं काढून टाकत, पाच पांढऱ्या बशांत मांडत आणि बशांखाली एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवत. दुकानांची नावं बंद पाकिटात. तपासनीस खाऊन, लिहून, सही करून मगच पाकीट फोडायचा. लिहिलेलं त्यानंतर एका अक्षराने बदलायचं नाही, असा त्याचा दंडक होता. ‘दुकान कोणाचं हे डोळ्यांना कळलं की जीभ खोटं बोलायला लागते,’ असं तो सगळ्यांना सांगायचा. स्वतःच्या जिभेबद्दल त्याला फार अभिमान होता, आणि तो किती पोकळ होता हे लवकरच कळणार होतं.

त्या मंगळवारी पहिले तीन नमुने यथातथाच निघाले. चौथ्याचा त्याने घास घेतला आणि चावायचं थांबला. मग पुन्हा घेतला, खात्री करायला. त्याने सँडविच उघडून आत पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते बघून टपालवाल्या बाई म्हणाल्या, “साहेब, एवढं चांगलंय?”

“बाई,” तो म्हणाला, “चोवीस वर्षांत असं नुकसान बघितलं नाही.”

आणि तो लिहायला बसला. लेखणी अशी काही सुटली की बस.

‘नमुना क्रमांक चार. बाहेरून पाहता नुकसान दिसत नाही. उघडल्यावर आत पाणी आढळले. उगम: टोमॅटो. तो थेट ब्रेडवर ठेवल्यामुळे तळमजला पूर्ण बुडालेला आहे. लोणी केवळ मध्यभागी आहे, कडेला राहणाऱ्यांपर्यंत मदत पोचलेली नाही. काकडी सालीसकट व कडू असून घातपाताचा संशय आहे. अंड्यात साखर आहे. प्रमाण पाहता ती चुकून पडलेली नाही, हा पूर्वनियोजित प्रकार दिसतो. सुस्थितीत आढळलेली मालमत्ता: कागदी रुमाल, एक.’

सही करून त्याने पाकीट फोडलं. चार नंबर: कोर्टामागची गल्ली, स्टेशनरीच्या दुकानाची बाजूची खिडकी, नवीन. त्याने नाव कागदावर चढवलं आणि विसरून गेला.

बुधवारी इमारत हसून हसून बेजार झाली. लिफ्टशेजारी गर्दी हटेना. नवव्या मजल्यावरचे वकील ‘कडेला राहणाऱ्यांपर्यंत मदत पोचलेली नाही’ हे वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होते. खुद्द साहेबांनी कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला आणि तपासनिसाच्या पाठीवर थाप मारली. चोवीस वर्षांत पहिलीच. तो दिवसभर जमिनीच्या वर चार बोटं चालत होता.

संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावर त्याने नेहमीप्रमाणे बायकोला खिशातल्या प्रतीवरून अहवाल वाचून दाखवला. ती त्याची जुनी आणि हक्काची श्रोती. तळमजला बुडाला तिथे ती हसली, लोण्याच्या ओळीला हसू आवरेना म्हणून तिने वाढता वाढता डाव खाली ठेवला. अंड्यातल्या साखरेपाशी मात्र तिचं हसू ओसरलं.

“दुकान कुठलं हे?” तिने विचारलं.

“कोर्टामागे कुठेतरी. स्टेशनरीच्या दुकानाची खिडकी.”

बायको त्याच्यासमोर बसली. काही तुटलं-फुटलं असेल तर सांगायला बसते तशी.

“अहो, ते धाकटीचं दुकान आहे.”

धाकटी म्हणजे त्याची सख्खी बहीण. सहा वर्षांनी लहान, एकटी राहायची, दाताच्या एका डॉक्टरांकडे वीस वर्षं स्वागतकक्षात बसायची.

“धाकटीचं कसलं दुकान?”

“तीन आठवडे झाले. नोकरी सोडली तिने. तुम्हाला अचानक सांगायचं होतं तिला, म्हणून माझ्याकडून शपथ घेतली. म्हणाली, वहिनी, दादाला आत्ता नाही सांगायचं, आधी नाव होऊ दे.”

तपासनिसाने कागद घडी करून ताटाखाली सरकवला, जणू तिथे तो कोणाला दिसणार नव्हता.

“आणि तू तिला काहीच बोलली नाहीस? तुला तिचा स्वयंपाक माहीत आहे.”

“मी काय बोलणार?” बायको म्हणाली. “लग्न झाल्यावर पहिल्यांदा तिच्या हातचं खाल्लं तेव्हा माझं तोंड जरा वाकडं झालं होतं, आठवतंय? टेबलाखालून तुम्ही माझा पाय असा दाबलात की तीन दिवस लंगडत होते. तेव्हापासून मी पण छानच म्हणते.”

हे अगदी खरं होतं. बहिणीकडे जेवायला जायचं म्हणजे काय करायचं, याचं त्याने तंत्रच बसवलं होतं. घास घ्यायचा, श्वास रोखायचा, पाण्याबरोबर गिळायचा आणि ‘छान’ म्हणायचं. चव घ्यायची भानगडच ठेवायची नाही. म्हणून तर बशीतली ती साखर कोणाच्या हातची हे त्याला ओळखता आलं नाही. ज्या जिभेला अकरा मजले मानत होते, तिने बहिणीच्या हातचं तीस-बत्तीस वर्षांत जवळजवळ कधीच चाखलं नव्हतं.

रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिस गाठून कागद फाडायचा असं ठरवून तो निघाला. पण लिफ्टशेजारी कागद नव्हताच, भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरले होते. टपालवाल्या बाई नुकत्याच आल्या होत्या.

“बाई, हा चार नंबर तुम्हाला कुठून सापडला?”

“मी नाही शोधला, साहेब. स्टेशनरीच्या दुकानात पाकिटं आणायला गेले होते, तर खिडकीतल्या बाईच म्हणाल्या, या मंगळवारी माझंही एक न्या. नाव कळू देऊ नका म्हणाल्या, वशिला नको. आणि म्हणाल्या, पहिला नंबर येणारच आहे, मग मी स्वतः भेटते त्यांना.” बाईंनी टपालाची पिशवी खांद्याला लावली. “फार खात्री होती हो त्यांना.”

तपासनीस जागेवर जाऊन बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा दंडक मोडून, सही झालेल्या अहवालाला दुरुस्ती लिहायला घेतली. ‘नमुना चारच्या तपासणीच्या वेळी तपासनिसाला सर्दी झाली होती. फेरतपासणीत नमुना उत्कृष्ट आढळला आहे.’ साडेबाराला तो कागद खिशात घालून कोर्टामागच्या गल्लीकडे गेला.

खिडकीसमोर रांग होती. ती बघून त्याला क्षणभर हायसं वाटलं, आणि मग रांगेतलं बोलणं कानावर आलं. “चार नंबर द्या,” असं म्हणून दोघे-तिघे हसत होते. खाऊन ते एकमेकांकडे बघत, मान डोलावत, “आहे बरं का साखर” म्हणत आणि अर्धं तसंच कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जात. एकाने तर सँडविच उघडून फोटो काढला. यातला एकही माणूस पुन्हा येणार नव्हता. खिडकीत धाकटी उभी होती, मान खाली घालून, एकामागून एक कागदात गुंडाळून देत होती. तिचे कान लाल झाले होते. लहानपणापासून रडू आवरताना तिचे कान लाल व्हायचे. तपासनिसाला त्या रांगेतल्या प्रत्येकाचा राग आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तो पलीकडच्या भिंतीला टेकून रांग संपेपर्यंत थांबला.

“काय देऊ?” धाकटीने विचारलं.

“अगं, मी आहे.”

“दिसतंय. काय देऊ?”

लिफ्टशेजारचा तो कागद तिच्यासमोर ओट्यावर होता, लोण्याच्या डब्याखाली दाबून ठेवलेला. काल संध्याकाळी तीच येऊन काढून घेऊन गेली होती. तपासनिसाने खिशातून दुरुस्ती काढून तिच्यापुढे केली. तिने ती वाचली.

“सर्दी झाली होती तुला?”

“थोडीशी.”

“दादा.”

“नव्हती,” तो म्हणाला.

तिने कागदाचे चार तुकडे केले आणि अंड्याच्या टरफलांवर टाकले.

“याचं मला वाईट वाटलं नाही,” ती पहिल्या कागदावर बोट ठेवून म्हणाली. “खोटं कशाला बोलू, वाटलं. काल अर्धी रात्र रडले. पण मग दिवा लावून एक सँडविच केलं आणि तुझा कागद घेऊन बसले. लोणी कडेपर्यंत जात नाही, बरोबर आहे. खालचा ब्रेड भिजतो, तेही बरोबर आहे. मी कधी उघडून बघितलंच नव्हतं. मग मनात आलं, जो माणूस दोन घासांत एवढं ओळखतो, तो इतकी वर्षं माझ्याकडे बसून काय खात होता?”

जळालेल्या गोदामाच्या मालकांना तपासनीस सांगायचा, काय झालं ते पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका. म्हणून त्याने पहिल्यापासून सांगितलं.

“आई गेल्यावर चौथ्या दिवशी तू अंडी केलीस. खोक्यावर उभी राहून. बोट भाजलं होतं तुझं, ते पाठीमागे लपवलं होतंस. मिठाऐवजी साखर पडली होती. मी घास घेतला आणि तू माझ्याकडे बघत होतीस. मी सतरा वर्षांचा होतो. मला घरातलं काही येत नव्हतं, तुझी वेणी घालता येत नव्हती, बाबांशी बोलता येत नव्हतं. छान म्हणता येत होतं, तेवढं म्हणालो.”

“तू म्हणालास, असं कधी खाल्लंच नव्हतं.”

“ते खरंच होतं.”

धाकटीच्या तोंडावर हसू येता येता राहिलं.

“त्या दिवशी बरोबर केलंस तू,” ती म्हणाली. “त्या दिवशी मला तेच हवं होतं. पण मग मी पंधराची झाले, पंचविसाची झाले, चाळिशी ओलांडली. मधल्या कुठल्यातरी एका दिवशी सांगायचंस की.”

“कुठल्या दिवशी?” त्याने विचारलं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. हजार वेळा त्याने तो दिवस शोधला होता आणि दरवेळी जेवण वाढून झालेलं असायचं.

तिने ओटा पुसायला घेतला, स्वच्छच होता तो.

“मी नोकरी सोडली, दादा. लोक म्हणाले, या वयात कशाला. मी म्हटलं, माझा भाऊ खाण्यातला जाणकार आहे, आणि तो लहानपणापासून सांगतोय. तुझ्या शब्दावर सोडली मी.” ती गल्लीकडे बघत म्हणाली. “स्टेशनरीवाल्या बाईंनी महिनाअखेरपर्यंत खिडकी दिली आहे. तोपर्यंत रोजची गिऱ्हाइकं बांधली गेली नाहीत तर त्या इथे झेरॉक्सचं मशीन ठेवणार. अकरा दिवस उरलेत.”

“डॉक्टर परत घेतील तुला. मी बोलतो त्यांच्याशी.”

“मला दात नकोत,” धाकटी म्हणाली. “मला हेच करायचंय. बाजूच्या दाराने आत ये आणि त्या स्टुलावर बस.”

तो आत गेला. जागा एवढीशी, की तो बसल्यावर फ्रीजचं दार उघडेना. त्याने स्टूल सरकवलं. धाकटीने त्याच्यादेखत एक सँडविच केलं, रोजच्यासारखंच, काही न बदलता, आणि बशीत घालून त्याच्या हातात दिलं.

“आता तोंडावर सांग. कागदावर लिहितोस तसं.”

त्याने घास घेतला. श्वास आपोआप रोखला गेला, तो त्याने मुद्दाम सोडला, आणि चावला. सगळी चव तोंडात आली. ओठांवर ‘छ’ तयारच होता, तो त्याने घासाबरोबर गिळला. कोसळलेल्या छताखाली उभं राहायला त्याला कधी भीती वाटली नव्हती, इथे वाटली.

“टोमॅटो आधी मीठ लावून निथळत ठेव,” तो म्हणाला. “ब्रेडला चिकटून ठेवूच नकोस, मध्ये चीज घाल.”

धाकटीने कागदाच्या पाठीमागे लिहून घेतलं. “पुढे?”

“लोणी फ्रीजमधून सकाळीच बाहेर काढ. गार असतं म्हणून पसरत नाही.”

“पुढे?”

“काकडी सोल आणि चाखून बघ. तू करताना काहीच चाखत नाहीस. आत्ता पण चाखलं नाहीस.”

“मला गरज वाटली नाही कधी,” ती लिहिता लिहिता म्हणाली. “पुढे? साखर?”

“काढ.”

“ती माझी खास युक्ती आहे. माझ्या सगळ्या युक्त्यांमध्ये तुला तीच आवडायची.”

“माहीत आहे. काढ.”

तिने पेन्सिल थांबवली, श्वास घेतला आणि लिहिलं. मग पेन्सिल न ठेवताच तिने जुनी प्रकरणं बाहेर काढली. “तुझ्या पहिल्या पगाराला केलेला केक?”

“आतून कच्चा होता.”

“तुझ्या लग्नाआधी पाहुण्यांना केलेली बटाट्याची भाजी?”

“पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात कोणी आजारी आहे का.”

आता धाकटी खरंच हसली, आणि हसता हसता मनगटाने डोळे पुसले. तोही हसला. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकेक करून बाहेर येत होतं आणि छाती हलकी होत होती. त्याच्या बायकोच्या डोहाळजेवणाच्या खिरीपर्यंत ते आले. सांडलेली खीर जमिनीला चिकटून बसली होती, असं त्याने कबूल केलं.

“आणि तुझ्या परीक्षेच्या आदल्या रात्रीचं सूप?” तिने विचारलं. “आई गेल्याला महिना झाला होता. तू अभ्यास करत बसला होतास, मी वाटी आणून ठेवली.”

“ते चांगलं होतं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “दादा.”

“खरंच चांगलं होतं. मी वाटी पुसून खाल्ली होती.”

“आता हे मी कसं ओळखायचं?” धाकटी म्हणाली. ती रागाने बोलत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं. शाबीत करायला त्याच्याकडे काहीही नव्हतं, ना फोटो, ना साक्षीदार. आयुष्यभर उधळलेल्या त्या एका शब्दाला आता त्याच्याच बहिणीकडे काही किंमत उरली नव्हती. त्याने मान खाली घातली.

तिने दोन ब्रेड काढले, टोमॅटोला मीठ चोळलं, काकडी सोलली, साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला, आणि जीभ दातात धरून अगदी मन लावून दुसरं सँडविच केलं. लोणी पार कोपऱ्यांपर्यंत नेलं. बशी त्याच्या हातात दिली आणि हात पुसत समोर उभी राहिली. त्याने घास घेतला. सावकाश चावला. तिच्या कानांकडे त्याचं लक्ष गेलं, ते पुन्हा लाल व्हायला लागले होते.

“हे पहिल्यापेक्षा वाईट झालंय,” तो म्हणाला. “टोमॅटोचं मीठ धुतलंच नाहीस. खारट झालंय.”

धाकटीने त्याच्या हातातून उरलेलं सँडविच घेतलं, स्वतः एक घास खाल्ला आणि तोंड कसनुसं केलं. मग बराच वेळ ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

“म्हणजे सूप खरंच चांगलं होतं,” ती म्हणाली, आणि तिसऱ्यासाठी ब्रेड काढला.